सोलापूरच्या उन्हात स्वस्त प्रीफॅब घर टिकेल का?

प्रीफॅब म्हणजे कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडायचं घर. टिकेल, पण एकेरी पत्र्याचं घेऊ नका. मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो, दुपारी त्या पत्र्याखाली लेकरू निजवणं अशक्य. मधे थर्माकोल भरलेलं सँडविच पॅनेलच घ्या, छतालाही. इंदूरला केंद्र सरकारच्या लाइट हाउस या घरबांधणी प्रकल्पात अशाच पॅनेलची १,०२४ घरं आहेत.

खरी मेख घराच्या पायात आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. वरवर जोतं घातलंत तर पॅनेलचे सांधे उघडतात आणि पाणी आत येतं. मुरूम लागेपर्यंत खोदा, तिथे पैसे वाचवू नका.

एकट्या घराला ट्रक-क्रेनचं भाडंच बचत खाऊन टाकतं. वस्तीतले दहा-वीस जण मिळून मागवा. एकीचं बळ पाहायचं तर सोलापूरजवळच्या कुंभारीला जा: रे नगरची ३०,००० घरांची योजना विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या संघटनेतूनच उभी राहिली.