नाचण्याजोग्या इलेक्ट्रॉनिक संगीताची गोडी तुम्हाला कोणत्या पहिल्या अल्बममुळे लागली?

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा १९९७ साली आलेला ‘होमवर्क’ हा पहिलावहिला अल्बम, हे माझे निःसंकोच उत्तर आहे. त्याआधी यंत्रांवर रचलेले संगीत मला कोरडे वाटत असे. तो समज ‘अराउंड द वर्ल्ड’ने मोडून काढला. सात मिनिटांच्या या गाण्यात शीर्षकातल्या तीन शब्दांखेरीज एकही शब्द नाही, तरीही कंटाळा येत नाही, कारण त्या यांत्रिक आवाजाच्या खाली बेसची चाल सतत नवी वळणे घेत राहते, एखादे वाद्य मध्येच गप्प होते आणि ते परतले की पाय आपोआप ठेका धरतात. मिशेल गोंद्रीने केलेल्या त्याच्या व्हिडिओत नर्तकांचा प्रत्येक गट एकेका वाद्यावर हलतो. सांगाडे गिटारवर, ममी ड्रम मशीनवर. गाण्याचे थर कानांनी वेगळे कसे करायचे, हे मला तिथेच उमगले.

अल्बमचे बरेचसे काम या जोडीतल्या थॉमस बँगाल्टरच्या झोपायच्या खोलीत झाले, म्हणूनच हे नाव. ‘टीचर्स’ या गाण्यात तर दोघांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या कलाकारांची नावेच घेतली आहेत, आणि शिकागो व डेट्रॉइटच्या हाउस आणि टेक्नो या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकारांकडे मी वळलो तो त्याच यादीचा माग काढत.