वर्गात विनामूल्य ऑनलाइन सर्जनशील साधने कशी वापरावीत, म्हणजे विद्यार्थी खरोखर विषयात गुंततील?

आपण विचारले आहे की, माध्यमिक वर्गातील विद्यार्थ्यांचे लक्ष पाठात टिकत नाही, साधने विकत घेण्यासाठी पैसे नाहीत, तेव्हा इंटरनेटवर विनामूल्य मिळणारी सर्जनशील साधने वापरून काही साधेल का, आणि साधणार असेल तर सुरुवात कोठून करावी. मी बरीच वर्षे विज्ञान आणि गणित शिकवते आहे आणि ही साधने मला मनापासून आवडतात. तरीही माझे पहिले सांगणे असे की, साधनांच्या याद्या चाळण्यापूर्वी आपल्या घटकात विद्यार्थ्याला स्वतः काहीतरी ठरवावे लागेल अशी जागा शोधावी. रंग, आवाज आणि हलती चित्रे यांत मुले लगेच रमतात, पण ते नावीन्य दोन-तीन तासिकांत ओसरते. याउलट आपण ठरवलेली गोष्ट डोळ्यांसमोर चुकते आहे हे दिसल्यावर ती दुरुस्त करण्यात जे मूल गुंतते, त्याला घंटा झाल्याचेही भान राहत नाही.

याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण जलचक्राचे आहे. स्क्रॅच हे अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने तयार केलेले साधन २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून पडद्यावरील पात्रांना आज्ञा देता येतात. मी तिघा-तिघांच्या गटांना जलचक्र ‘चालवून’ दाखवायला सांगितले. एका गटाने थेंबासाठी अशी अट लिहिली होती की, थेंबाचा सूर्याला स्पर्श झाला तरच त्याची वाफ व्हावी. याच तिघांच्या वह्यांत बाष्पीभवनाची व्याख्या अचूक लिहिलेली होती, आणि लेखी परीक्षेत त्यांना पूर्ण गुण मिळाले असते. मी चूक दाखवली नाही. ओले कपडे रात्री वाळतात की नाही, एवढेच विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी ती अट काढून टाकली, पाण्याच्या पृष्ठभागावरच्या प्रत्येक थेंबाला यादृच्छिक संख्या दिली, ती ठरावीक मर्यादेखाली आली की थेंब वर जाईल असे केले, आणि शेवटी तापमानासाठी सरकपट्टी जोडून ती मर्यादा तापमानाबरोबर वाढवत नेली. पाण्याच्या पृष्ठभागावरून प्रत्येक तापमानाला काही रेणू निसटत असतात आणि तापमान वाढले की अधिक निसटतात, ही गोष्ट मी फळ्यावर कितीही वेळा समजावली असती तरी त्यांच्यात इतकी मुरली नसती. साधनाने येथे मनोरंजन केले नाही; मुलांच्या मनातील चुकीचे चित्र बाहेर काढून सर्वांसमोर मांडले, आणि शिक्षिका म्हणून मला त्याचेच मोल अधिक वाटते.

गणितात हेच काम जिओजेब्रा करते. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ मध्ये हाती घेतलेले हे साधन आज ब्राउझरमध्ये खाते न उघडताही वापरता येते. विद्यार्थ्यांना चौरस काढायला सांगावा आणि काढून झाल्यावर एक शिरोबिंदू ओढायला सांगावा. नजरेच्या अंदाजाने काढलेला चौरस तत्काळ मोडतो; लंब आणि समान त्रिज्येची वर्तुळे वापरून रचलेला चौरस लहान-मोठा होतो, फिरतो, पण चौरसच राहतो. ‘दिसणे’ आणि ‘असणे’ यांतील फरक भूमितीत इतक्या थोड्या वेळात दाखवणारी दुसरी कृती मला माहीत नाही, आणि त्यासाठी अर्धी तासिका पुरते.

माझे इतिहासाचे एक सहकारी टाइमलाइनजेएस वापरतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबचे हे साधन तक्त्यात भरलेल्या तारखा, मजकूर आणि चित्रे यांची कालरेषा तयार करून देते. त्यांची एकच अट असते की, कालरेषेवर आठच घटना असाव्यात. नववी घटना का वगळली, यावर गटांत जो वाद होतो, तोच त्यांचा खरा पाठ असतो. बंधन घातले की सर्जनशीलता खुंटते असे आपल्याला वाटते, परंतु माझा अनुभव नेमका उलट आहे: ‘काहीही तयार करा’ असे सांगितल्यावर मुले पंधरा मिनिटे अक्षरांचे वळण निवडण्यात घालवतात, आणि ‘आठ घटना’ किंवा ‘चारच वाक्ये’ असे सांगितल्यावर विषयावर बोलू लागतात.

याच कारणाने कॅनव्हासारखी तयार साच्यांची साधने मी कमी वापरते. पात्र शाळांच्या शिक्षकांना त्याची शैक्षणिक आवृत्ती विनामूल्य मिळते आणि भित्तिपत्रके सुंदर होतात, पण बहुतेक निर्णय साच्याने आधीच घेतलेले असतात. भाषा शिकवत असाल तर ट्वाइन जरूर पाहावे. त्यात वाचकाच्या निवडीप्रमाणे वाट बदलणारी गोष्ट लिहिता येते, आणि प्रत्येक वळणाचा परिणाम पुढे निभावून न्यावा लागत असल्याने मुले कार्यकारणभावाचा बारकाईने विचार करतात.

ट्वाइनबाबत एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे, कारण तिची किंमत माझ्या विद्यार्थ्यांनी मोजली आहे. ब्राउझरमध्ये ट्वाइन वापरले तर गोष्टी त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये साठतात. संगणक कक्षातील यंत्रांवरचा ब्राउझरचा साठा दर रात्री आपोआप पुसला जातो, हे मला ठाऊक नव्हते, आणि एका वर्गाचे दोन आठवड्यांचे लेखन एका सकाळी नाहीसे झाले. त्या मुलांचे चेहरे मी विसरलेले नाही. तेव्हापासून तासिकेची शेवटची पाच मिनिटे फाइल उतरवून घेण्यासाठी राखून ठेवते. विनामूल्य साधनांचे आयुष्यही आपल्या हातात नसते. ब्राउझरमध्ये हलती चित्रे आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश या तंत्राचा आधार अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला तेव्हा असंख्य शैक्षणिक खेळ चालेनासे झाले, आणि गूगलने जॅमबोर्ड हा आपला ऑनलाइन फळा २०२४ अखेर बंद केला. स्क्रॅच स्वतः फ्लॅशवर चालत असे. परंतु २०१९ च्या जानेवारीत त्याची तिसरी आवृत्ती नव्या तंत्रावर आली आणि जुनी कामे वाचली. ज्या साधनातून काम आपल्या संगणकावर उतरवता येत नाही, त्यात महत्त्वाचे काम करून घेऊ नये.

खात्यांचा प्रश्न असाच गांभीर्याने घ्यावा. अनेक सेवा १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते उघडू देत नाहीत, आणि मोठ्या मुलांनीही केवळ एका उपक्रमासाठी आपली माहिती ठिकठिकाणी द्यावी हे मला पटत नाही. स्क्रॅचमध्ये खात्याशिवाय काम करून फाइल जपून ठेवता येते. शिक्षकाचे खाते घेतल्यास विद्यार्थ्यांचे ईमेल न देताही त्यांची खाती तयार करता येतात. चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स हा मुक्तपणे वापरता येणाऱ्या चित्रांचा ऑनलाइन संग्रह वापरायला शिकवावे आणि प्रत्येक चित्राखाली कर्त्याचे नाव व परवाना लिहून घ्यावा. दोन-तीन वेळा लिहिल्यावर ती सवय होते.

सुरुवात करताना एका सत्रात एकच साधन घ्यावे. पहिली तासिका केवळ चाचपडण्यासाठी मोकळी सोडावी, कारण ती न दिल्यास मुले पुढच्या तीन तासिका चोरून चाचपडतात. दुसऱ्या तासिकेत संगणक बंद ठेवून आराखडा कागदावर काढून घ्यावा, आणि तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. संगणक कमी असतील तर चिंता करू नये. एका संगणकावर तिघे बसले की प्रत्येक निर्णय मोठ्याने बोलून घ्यावा लागतो. फक्त माउस धरणारे मूल दर दहा मिनिटांनी बदलावे, नाहीतर एकच जण काम करतो आणि दोघे बघत राहतात.

मूल्यमापनात मी देखणेपणाला गुण देत नाही. काम जमा करताना प्रत्येकाने वहीत स्वतंत्रपणे दोन गोष्टी लिहायच्या असतात: कोणती गोष्ट आधी केली होती आणि नंतर बदलली, आणि ती का बदलली. त्या जलचक्राच्या गटातील एका मुलीने लिहिले होते की, आधी आमचा थेंब सूर्यापर्यंत जात होता, पण रात्रीही कपडे वाळतात, म्हणून आम्ही सूर्य काढला नाही, फक्त त्याचे काम बदलले. तिला मी पूर्ण गुण दिले, जरी त्यांच्या पडद्यावरचा समुद्र अजून अर्धवट रंगवलेला होता.