सुगम्य, सुलभ, मुक्त की नुसतं ‘भेटते’?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात वाचनालय चालवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे : ‘वाचनालयातली चाळीस जुनी पुस्तकं आणि ग्रामसभेची इतिवृत्तं आम्ही ऑनलाइन ठेवली. वर ओळ लिहिली, “सर्वांसाठी मुक्त व सुगम्य”. गावातल्या एका काकांना दिसत नाही, ते फोन ऐकत ऐकत वापरतात. फोननं ती ओळ वाचून दाखवली, तर ते म्हणाले, “हे सुगम्य म्हंजे का असते वं पोरी?” मलाही धड सांगता आलं नाही. शब्द बदलू का? सुलभ, खुले, मोफत, उपलब्ध, यातला बरोबर कोणता?’

ताई, काकांना सुगम्य आधी समजावू नका, दुर्गम विचारा. दुर्गम त्यांना पक्का माहीत असणार. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडची वाट बंद होते आणि बातमीत ‘दुर्गम भाग’ हे दोन शब्द ठरलेले असतात. जिथं जाणं कठीण ते दुर्गम. किल्ल्याला दुर्ग म्हणतात तेही त्याच पोटचं. खात्री नसेल तर गाविलगड चढून पाहा. याचा उलटा शब्द सुगम. संस्कृतात सु आणि दुर् जोडले की सोपं-कठीण हा अर्थ शब्दातच येऊन बसतो : सुकर-दुष्कर, सुलभ-दुर्लभ, सुगम-दुर्गम. म्हणजे ‘सुगम’ एवढ्यानं काम भागत होतं. ‘सुगम्य’ चुकीचा नाही. गम्य म्हणजे जाता येण्याजोगं, त्याला सु लावला. पण तो आपल्याकडे आला सरकारी वाटेनं. केंद्र सरकारनं 3 डिसेंबर 2015 रोजी, दिव्यांग दिनी, ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू केलं. इमारतींचे उतार, गाड्या-फलाट आणि संकेतस्थळं हे सगळं त्यात होतं. त्याआधी हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. सुगमला मात्र सुगम संगीतानं गोड करून ठेवलंय, त्यामुळे ‘सुगम पुस्तकं’ म्हटलं की हलकीफुलकी पुस्तकं वाटतात. सुलभचं तर बोलूच नका. बसस्टँडवर ‘सुलभ कुठं आहे?’ विचारा, लोक बोट कुठं दाखवतात ते पाहा.

तरी अर्थ पक्का धरा : यात वस्तूबद्दल काही नाही, वाटेबद्दल आहे. पुरातही भामरागड नकाशावर असतंच, जाता येत नाही इतकंच.

आता ‘मुक्त’. हा शब्द जास्त जपून वापरायचा, कारण त्याला परवानगीचा अर्थ चिकटलेला आहे. 2003 साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया स्वतःला ‘मुक्त ज्ञानकोश’ म्हणवतो, ते फुकट वाचायला मिळतो म्हणून नव्हे. तिथला मजकूर कुणीही घ्यावा, छापावा, बदलावा, पुढं द्यावा. मूळ कुणाचं ते सांगावं आणि आपण केलेलंही त्याच अटीवर मोकळं ठेवावं. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात ‘पैसे नकोत’ आणि ‘बंधन नको’ हे दोन्ही कोंबलेलं असल्यानं तिकडच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना वर्षानुवर्षं खुलासे करत बसावं लागलं. आपल्याकडे ती पंचाईत नाही, मोफत वेगळं आणि मुक्त वेगळं. ही आयती मिळालेली सोय आपण ढिसाळपणे लिहून घालवतो, याचा मला राग येतो.

तुमच्या चाळीस पुस्तकांचं काय? आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. तो संपलेली पुस्तकं खुशाल मुक्त म्हणा. बाकीची वारसांच्या परवानगीनं ठेवली असतील तर ती मोफत आहेत, मुक्त नाहीत. परवानगीच नसेल तर ताई, आधी ती मिळवा, शब्दाचं मागाहून पाहू.

आणखी एक. खेड्यात ‘मुक्त’ हा शब्द बहुधा दुसऱ्या शब्दाच्या शेपटीला येतो : तंटामुक्त, टँकरमुक्त, हागणदारीमुक्त. तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली आली तेव्हापासून वेशीवरच्या कमानी या ‘मुक्तां’नी भरल्या. म्हणून ‘मुक्त माहितीचे गाव’ लिहा. पेंटरनं घाईत ‘माहितीमुक्त गाव’ रंगवलं तर खोटं नसलं तरी लाज वाटेल. मुक्तचाच घरगुती भाऊ ‘मोकळा’ : मोकळं रान, मोकळे केस. मला तो जास्त आवडतो, पण ‘मोकळी पुस्तकं’ म्हटलं की बांधणी सुटलेली पुस्तकं डोळ्यासमोर येतात. आणि ‘खुले’ लिहिलंत तर आपल्याकडे खुल्लं तेल आठवणारे निघतील.

‘उपलब्ध’ हा कचेरीचा लाडका. मूळ अर्थ मिळालेलं, गवसलेलं. कुणाला गवसलं हे तो शब्द सांगत नाही. बहुतेकदा कचेरीला गवसलेलं असतं.

मग आपल्या बोलीत काय आहे? ‘भेटते’ आहे. दुकानात साखर भेटते, तलाठ्याकडे सातबारा भेटते. पुण्याकडचे हसतात, माणसं भेटतात आणि वस्तू मिळतात म्हणतात. प्रमाण लेखनात ते बरोबर आहेत, आपलं भेटणं बहुधा हिंदीच्या शेजारानं आलं. तरी या जागी मी आपल्या बाजूनं बोलेन. मिळण्यात एकानं हात पुढं करायचा असतो. भेटण्यात दोघांनी वाट चालायची असते, आणि पुस्तकानं आपल्या वाटेचं चालायचं म्हणजे काय, ते पुढचं ऐका.

मी सेवानिवृत्त मास्तर. माझा एक जुना विद्यार्थी पूर्ण अंध आहे. एका कार्यालयानं लावलेली सूचना त्यानं फोनवर उघडली, तर फोन म्हणायला लागला, ‘ई जे के बी एच’. त्यानं मला विचारलं, सर, ही कोणती भाषा? ती ‘मराठी’ होती. जुन्या कृतीदेव टंकात (फॉन्टात) म ई च्या कळीवर बसतो, र जे वर, काना के वर, ठ मोठ्या बी वर, दीर्घ वेलांटी एच वर. डोळ्याला देवनागरी दिसते, पोटात इंग्रजी अक्षरं असतात. वाचणारं यंत्र पोटातलं वाचतं. युनिकोड या आजच्या अक्षरपद्धतीत म ला म चीच जागा आहे, म्हणून तिथं फोन ‘मराठी’ म्हणतो. मला एकदम महानुभाव पंथाची सकळ लिपी आठवली. अक्षरांची अदलाबदल करून पोथ्या लिहिलेल्या, बाहेरच्याला अक्षरं दिसावीत पण अर्थ लागू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी उकल केली तेव्हा कुठं त्या बाहेरच्यांना वाचता आल्या. पण महानुभावांनी ते मुद्दाम, पोथ्या जपायला केलं होतं. त्या कार्यालयानं सवयीनं केलं.

महानुभावांचाच दुसरा दाखला याच्या अगदी उलट आहे. पंथातले केशवदेव संस्कृतात लिहायला निघाले तर पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी अडवलं : नको, यानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील. पाहा शब्द कसा वापरलाय. ‘त्यांना कळणार नाही’ असं ते म्हणाले नाहीत, नागवतील म्हणाले. नागवणं म्हणजे लुबाडणं, अंगावरचं उतरवून घेणं. जे त्यांचं आहे तेच न कळणाऱ्या रूपात ठेवलं तर ती लूट, असा त्याचा रोख. तुम्हाला सुगम्यचा विरुद्धार्थी शब्द हवा असेल तर दुर्गमपेक्षा हा धरा.

तर वरची ओळ. मी विशेषणं सगळी काढीन आणि क्रियापदं लिहीन : ‘ही पुस्तकं कुणीही वाचावी, ऐकावी, उतरवून घ्यावी, दुसऱ्याला द्यावी. पैसे पडत नाहीत.’ उतरवून घेणं हा शब्द डाउनलोडला मला नेमका वाटतो, पोथ्याही उतरवूनच घ्यायचे. क्रियापदाचा दुसरा फायदा असा की ते लगेच तपासता येतं. ‘सुगम्य’ खोटं आहे की खरं, कोण ठरवणार? ‘ऐकावी’ खरं की खोटं हे काका एका मिनिटात सांगतील.

म्हणून ओळ लावण्याआधी प्रत्येक पुस्तक काकांच्या फोनवर उघडून पाहा. जी युनिकोडमध्ये टंकलेली आहेत ती बोलतील. ज्यांच्या पानांचे नुसते फोटो आहेत तिथं फोनला बहुधा अक्षर सापडणार नाही, तो गप्प बसेल. त्यांचा मजकूर सवडीनं टंकून होईल, शाळेतली पोरं हाताशी आहेतच. तोवर त्या पुस्तकांपुढे ‘वाचावी, ऐकावी’ लिहू नका. ‘पाहावी’ लिहा.