शांत संगणकासाठी सुटे भाग कसे निवडावेत?

प्रश्न : मी वास्तुविशारद असून गिरगावातील दोन खोल्यांच्या घरातून त्रिमितीय आराखड्यांचे रेंडरिंग (आराखड्यावरून हुबेहूब चित्र तयार करणे) करते. रात्री धाकटा भाऊ त्याच संगणकावर गेम खेळतो आणि शेजारीच आईबाबा झोपलेले असतात. नवीन संगणक लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून घ्यायचा आहे. दुकानदाराने सर्वांत वेगवान प्रोसेसर, वॉटर कूलिंग आणि आतून फोम लावलेले बंद कॅबिनेट सुचवले आहे. हे योग्य ठरेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : वेगवान प्रोसेसर आणि बंद कॅबिनेट या दोन सूचना एकमेकींच्या मुळावर येणाऱ्या आहेत. संगणकाचा बहुतेक आवाज पंख्यांचा असतो, पंख्यांचा वेग उष्णतेवर ठरतो आणि चिप जितकी वीज घेते तितकी सगळी अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून शांतता हवी असेल तर दुकानात पहिला प्रश्न वॅटचा विचारावा. इंटेलचा कोअर आय९-१४९००के पूर्ण ताकदीने चालताना २५३ वॅटपर्यंत जातो, तर एएमडीचा रायझन ७ ९७००एक्स त्याच्या ६५ वॅटच्या मूळ श्रेणीत प्रत्यक्षात ८८ वॅटच्या आत राहतो. आपले रेंडरिंग ग्राफिक्स कार्डावर होत असेल, तर हा रायझन ७, म्हणजे आठ कोअरचा (एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आठ भागांचा) प्रोसेसर पुरेसा आहे. ते प्रोसेसरवर आणि रोजच होत असेल, तर बारा कोअरचा रायझन ९ ९९००एक्स घेऊन बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालण्याची सोय, लावावा. वेग थोडा घटतो, उष्णता मात्र बरीच उतरते.

मुंबईकरांनी आणखी एक हिशेब करायला हवा. कूलरच्या परदेशी चाचण्या बहुधा एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. मे महिन्यात आपल्या खोलीत ३२ अंश असतील, तर पंख्याचा वेग तोच ठेवून चिप सुमारे दहा अंशांनी अधिक तापते, कारण कूलर चिपला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून चाचणीत ‘पुरेसा’ ठरलेला कूलर आपल्याकडे पुरेसा समजू नये, एक पायरी वरचा घ्यावा. नॉक्टुआच्या एनएच-डी१५सारखा दोन मनोऱ्यांचा एअर कूलर उत्तम. मात्र त्याची उंची १६५ मिलिमीटर असल्याने तो कॅबिनेटमध्ये मावतो का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहून घ्यावे. वॉटर कूलिंगचा पंप संगणक रिकामा असतानाही चालू राहतो आणि रात्रीच्या शांततेत त्याची घरघर जाणवू शकते, त्यामुळे आपल्यासाठी मी ते सुचवणार नाही.

कॅबिनेट पुढून जाळीचे असावे. फोममुळे थोडा आवाज दबतो, पण हवा कोंडली की पंखे वेग वाढवतात आणि दबलेला आवाज सव्याज परत येतो. त्यापेक्षा १४० मिलिमीटरचे दोन पंखे पुढे आणि एक मागे लावून ते सावकाश फिरवावेत. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, तर तितक्याच आवाजाचा दुसरा पंखा जोडल्याने तो जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. एका धावत्या पंख्यापेक्षा तीन संथ पंखे शांत, ते याच गणितामुळे. समोरच्या जाळीला धूळगाळणी असावी व ती महिन्याला झटकावी. आपल्याकडची दमट हवा आणि रस्त्याची धूळ मिळून कूलरच्या पात्यांवर जो थर धरतात, त्याने चांगला कूलरही निकामी वाटू लागतो.

सर्वाधिक उष्णता ग्राफिक्स कार्डाची. आरटीएक्स ५०७० हे २५० वॅटचे आहे आणि गेमिंगला उत्तम आहे, पण त्याची मेमरी १२ जीबी असल्याने मोठ्या आराखड्यांना ती अपुरी पडू शकते. आरटीएक्स ५०६० टीआयची १६ जीबीची आवृत्ती १८० वॅटमध्ये भागवते. आपल्या कामाला आणि आईबाबांच्या झोपेलाही मी तीच निवडेन, भावाची थोडी नाराजी पत्करून. काम नसताना पंखे पूर्ण थांबवणारे, जाड हीटसिंकचे (उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांचे) मॉडेल मागावे.

रॅम ३२ जीबीच्या दोन स्टिकमध्ये घ्यावी, साठवण एनव्हीएमई एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) ठेवावी. जुनी हार्ड डिस्क आत बसवण्याचा मोह टाळावा, कारण ती पत्र्याला कंप देते. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) गरजेपेक्षा मोठा, ७५० वॅटचा घेतल्यास त्याचा पंखा क्वचितच जोरात फिरेल. शेवटी बायोसमध्ये पंख्यांचा वेग काही सेकंदांच्या विलंबाने बदलेल अशी सोय करावी. सतत चढता-उतरता आवाज स्थिर आवाजापेक्षा अधिक त्रास देतो.

प्रश्न : माझ्या नव्या संगणकाचे पंखे शांत आहेत, पण गेम सुरू होताच बारीक चिरचिर ऐकू येते. कार्ड बिघडले आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बहुधा नाही. ग्राफिक्स कार्डावरील कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यांमधून) जाणारा प्रवाह वेगाने बदलू लागला की त्या थरथरतात आणि असा आवाज येतो. गेमच्या मेनूमध्ये सेकंदाला शेकडो फ्रेम काढल्या जात असताना तो सर्वाधिक असतो, म्हणून फ्रेमची मर्यादा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटइतकी (पडदा सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो तितकी) ठेवावी. त्यानेही फरक न पडल्यास कार्डाची वीजमर्यादा ऐंशी टक्क्यांवर आणून पाहावी. कार्ड बदलून मिळण्याची मुदत अजून उलटली नसेल, तर हे दोन्ही प्रयोग तिच्या आतच करावेत.