घोडीच्या आयाळीतली वेणी

"आमच्या भागात जनावरं चोरणारी टोळी फिरतेय म्हणे. झोपच उडालीय, काय करू?" हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. एका घोडेवाल्याची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गोव्यातल्या डिचोलीत घोडा म्हटला की शिगम्यातली घोडेमोडणी, म्हणजे लाकडी घोडे कमरेला बांधून केलेला नाच, आठवते. जिवंत घोडी पाळणारे मोजकेच. हे गृहस्थ वराती करतात. घोडी पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय नि कपाळ पांढरं, सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली. त्यांना घेऊन आली बायको. "मॅडम, बारा रात्री हे तबेल्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेत. काल पहाटे दूधवाल्यावर काठी उगारली."

कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक निरोप: चोर दिवसा घोडा हेरतात, खूण म्हणून आयाळीत वेणी घालतात, रात्री उचलतात. आणि घोडीच्या आयाळीत खरंच वेणी सापडली! फोटोच दाखवला त्यांनी. दोन पेडांचा पीळ, खाली गाठ.

"अफवा आहे हो," असं मी म्हटलं नाही. तसं म्हटलं की माणूस उलट पुरावे शोधत बसतो. कागदाला मधोमध घडी घालून दिली: इकडे डोळ्यांनी पाहिलेलं, तिकडे ऐकलेलं. ऐकलेल्याची बाजू भरून गेली. पाहिलेल्यात एकच ओळ, वेणी.

ही वेणीची अफवा इंग्लंडातल्या घोडेवाल्यांनाही छळून गेली आहे. वाऱ्याने, मान घासल्याने आयाळीचे केस आपोआप पिळले जातात. जुन्या काळी तिकडे त्याचं खापर पऱ्यांवर फुटायचं. हे सांगितलं, त्यांनी नुसती मान हलवली. मग म्हटलं, संध्याकाळी स्वतः आयाळ विंचरा, कुलूप लावा, सकाळी बघा.

तिसऱ्या दिवशी फोन. "कुलूप जसंच्या तसं, आणि वेणी परत! गव्हाणीच्या खांबाला केस चिकटलेत."

दूधवाल्याचा विषय मात्र मी सोडला नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं होतं. हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले.

राखण सोडा, असं कधीच म्हणाले नाही. घोडी गेली तर चूल बंद. ठरलं ते इतकंच: रात्री दहाला एकदा कुलूप बघायचं, ओळखीसाठी घोडीच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचे नि चारही पायांचे फोटो काढून ठेवायचे, कुणाचा संशय आलाच तर काठी नको, पोलिसांना ११२ वर फोन. आणि निरोप पुढे पाठवण्याआधी विचारायचं, हे पाहिलं कुणी?

झोप हळूहळू परतली. घोडीच्या गळ्यात मात्र त्यांनी भलीमोठी घंटा बांधलीय. शेजारी वैतागलेत, मी काही बोलले नाही.