जपानी टीव्हीवरच्या जाहिरातीतलं गाणं कोणतं, हे कसं शोधायचं?
आधी जाहिरात थांबवून पडद्याचे खालचे कोपरे नीट बघा. गायक आणि गाण्याचं नाव पुष्कळदा तिथेच बारीक जपानी अक्षरांत क्षणभर झळकतं. नसेल तर ब्रँडच्या नावापुढे ‘सीएम क्योकु’ (म्हणजे जाहिरातीतलं गाणं) जपानी लिपीत, CM曲 असं टाकून शोधा. कंपनीच्या साइटवर बऱ्याचदा जाहिरातींचं वेगळं पान असतं, तेही चाळा.

गाणं ऐकून ओळखणाऱ्या शझाम ॲपवर फार विसंबू नका. बहुतेक जाहिराती 15 किंवा 30 सेकंदांच्या, त्यात गाण्यावर निवेदन चढवलेलं. शिवाय जुनं गाणं शब्द बदलून नव्याने गाऊन घेतलेलं असेल तर मूळ रेकॉर्डिंगशी ते जुळतच नाही. काही गाणी जाहिरातीसाठीच बनतात आणि पूर्ण गाणं नंतर येतं. 2015 मधलं एयू या जपानी मोबाइल ब्रँडचं ‘उमि नो कोए’ तसंच होतं.