ख्रिस्ती उपवासकाळात पश्चात्ताप करतात म्हणजे नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय की तुमची ख्रिस्ती मैत्रीण ईस्टरआधीचे ४० दिवस उपवास करते, 'हा पश्चात्तापाचा काळ' म्हणते, तर तिच्या हातून असं काय पाप घडलंय?

काही वेगळं घडलेलं असायलाच हवं असं नाही. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, पोपसुद्धा मान खाली घालून डोक्यावर राख घेतात. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) फांद्या जाळून केलेली ती राख. धर्मगुरू अंगठ्यानं आपल्या कपाळावर क्रूस काढतात, 'पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर (येशूच्या संदेशावर) विश्वास ठेवा' म्हणतात, आणि थोडी राख पापण्यांवर पडते. (प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अनेक ठिकाणी राख लावत नाहीत.) तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, रविवार वगळले की ४० दिवस भरतात.

गोंधळ होतो तो 'पश्चात्ताप' या शब्दामुळे. त्यात मागाहून होणारा ताप तेवढा आहे. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. जुन्या करारातला हिब्रू शब्द शूव, म्हणजे मागे फिरणं, परतणं. मला आपला 'उपरती' हा शब्द त्याच्या जास्त जवळचा वाटतो. येशूचे दोन शिष्य: यहूदानं पैसे घेऊन त्याला पकडून दिलं, पेत्रानं त्याला ओळखत नाही म्हटलं. येशूच्या अटकेनंतर यहूदालाही ताप झाला आणि पेत्रालाही. यहूदानं तर घेतलेली चांदीची ३० नाणी परत केली, चूक कबूलही केली. पण तो येशूकडे परतला नाही. पेत्र ढसाढसा रडला, आणि परतला.

हे मला फार उशिरा कळलं. तरुणपणी घरातले पैसे मी खर्च केले आणि आळ धाकट्या भावावर येऊ दिला. बाबा त्याला खूप बोलले. मी गप्प. पुढे दर उपवासकाळात पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल करायला, गेलो की तेच सांगायचो, डोळे पुसत बाहेर यायचो, हलकं वाटायचं. एका वर्षी धर्मगुरूंनी विचारलं, "हे देवाला किती वेळा सांगणार? भावाला सांगितलंत का?" मग त्यांनी बायबलमधल्या जक्कयाची आठवण करून दिली. तो जकातदार येशूसमोर उभा राहून म्हणाला होता, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो.

भावाला फोन करायला मला त्यानंतरही तीन आठवडे लागले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा होते तेव्हा सांगायचं होतंस."

त्याची भरपाई माझ्याकडे नाही. आता आम्ही बोलतो, पण ते वाक्य प्रत्येक उपवासकाळात माझ्यासोबत असतं. त्या वर्षीपर्यंत मी उपवास अगदी काटेकोर करत होतो. जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात, उपवास करता करता इतरांवर अन्याय करणाऱ्यांना देव विचारतो की मी निवडलेला उपवास असा असतो का, तो प्रश्न मला तेव्हा लागू पडला.

मैत्रिणीला 'कुठलं पाप' असं मात्र विचारू नका. राखेच्या बुधवारी शुभवर्तमानातला जो उतारा वाचतात, त्यात येशू सांगतो की उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. ती त्याबद्दल फारसं बोलत नसेल तर ते यामुळेच असू शकेल.